फ्रेड हॉएल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ : वाचकगटापुढे मांडताना गणिताची पाने गाळावीत का?

सहवाचन_कोथरूड (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

कोथरूडमधील आमच्या वाचकगटाच्या येत्या बैठकीत फ्रेड हॉएल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही १९५७ साली प्रसिद्ध झालेली विज्ञान कादंबरी मांडण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले, त्यानंतर गटात त्यांच्या कथा पुन्हा एकदा वाचल्या गेल्या. केंब्रिजला ज्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली त्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉएल यांनी स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहिल्या होत्या हे चर्चेत निघाल्यावर त्यांतली सर्वांत गाजलेली कादंबरी वाचायचीच, असे सर्वानुमते ठरले.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत अतिनवताऱ्यांचा (स्फोट होऊन उजळणाऱ्या ताऱ्यांचा) शोध घेणाऱ्या एका तरुण निरीक्षकाला आकाशातील एक काळा, जवळजवळ वर्तुळाकार डाग मोठा होत चाललेला आढळतो. तो डाग म्हणजे सूर्यमालेकडे येणारा वायूचा प्रचंड ढग असतो. ढग सूर्याभोवती येऊन थांबतो, पृथ्वीवर आधी उष्म्याने आणि मग अंधाराने व थंडीने हाहाकार माजतो, आणि इंग्लंडमधील नॉर्टनस्टो नावाच्या एका जुन्या वाड्यात सरकारने एकत्र आणून ठेवलेल्या शास्त्रज्ञांना उमगते की हा ढग सजीव आहे आणि विचार करणारा आहे.

आमच्या गटात विज्ञान शाखेची मंडळी थोडी आहेत. कादंबरीचा पहिला बराचसा भाग छायाचित्रे, मोजमापे आणि फळ्यावरची समीकरणे यांनी भरलेला आहे. एका तळटीपेत तर चक्क गणित सोडवून दाखवले आहे. हा भाग तोंडी सारांशाने उरकावा आणि ढगाशी संवाद सुरू होतो तेथून सविस्तर चर्चा करावी, अशी सूचना काही सदस्यांनी केली आहे. दुसरी अडचण नायकाची आहे. केंब्रिजचा ख्रिस किंग्जली हा बुद्धिमान असला तरी इतका उद्धट आहे की त्याच्याविषयी आपुलकी वाटत नाही. आणि तिसरी शंका अशी की असा ढग मुळात संभवतो का, की ही केवळ एक कल्पनाभरारी आहे? आपली मते वाचायला आवडतील.

गणित_शिक्षक

पाने गाळू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या सदस्यांना जो भाग अवघड वाटतो आहे, तोच या कादंबरीचा गाभा आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. आकाशातून येणाऱ्या संकटावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक ठिकाणी संकटाची बातमी वाचकाला आयती मिळते. हॉएल तसे करत नाहीत. संकट कसे ओळखले गेले, त्यात शंका कोठे कोठे होत्या आणि त्या कशा फिटल्या, हे ते वाचकाला टप्प्याटप्प्याने दाखवतात.

फळ्याजवळचा प्रसंग पुन्हा एकदा सावकाश वाचा. शास्त्रज्ञांच्या हाती आकाशाच्या एकाच भागाची, सुमारे महिन्याभराच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे आहेत. ती एका यंत्रात आलटून पालटून डोळ्यांपुढे आणली की जे बदललेले नाही ते स्थिर राहते आणि जे बदलले आहे ते लुकलुकते. काळा डाग मोठा झालेला दिसतो. ढग किती दूर आहे हे माहीत नाही, त्याचा वेग माहीत नाही, त्याचा प्रत्यक्ष आकारही माहीत नाही. एवढ्या अज्ञानातून तो आपल्यापर्यंत केव्हा पोहोचेल हे सांगता येईल का? सांगता येते, आणि ते दहावीच्या गणिताने सांगता येते. वस्तू जितकी जवळ येईल तितकी ती त्याच प्रमाणात मोठी दिसते. समजा, महिन्याभरात डागाचा दिसणारा व्यास पाच टक्क्यांनी वाढला, तर त्या महिन्यात ढगाने जितके अंतर कापले त्याच्या वीसपट अंतर आता उरले आहे. वेग कायम असेल, तर दुसऱ्या छायाचित्रापासून वीस महिन्यांनी ढग येथे हजर होईल. अंतर आणि वेग हे दोन्ही उत्तरातून आपोआप गळून जातात. शिवाय डाग मोठा होत असताना आजूबाजूच्या ताऱ्यांच्या तुलनेत बाजूला सरकत नसेल, तर तो थेट आपल्याच रोखाने येत आहे, हेही त्याच दोन छायाचित्रांतून कळते. कादंबरीत या हिशेबाचे उत्तर सुमारे दीड वर्ष असे येते आणि खोलीतला प्रत्येक जण गप्प होतो.

आता याची दुसरी बाजू पाहा, कारण हॉएल यांचे कसब मला तेथे सर्वाधिक जाणवते. अमेरिकेत हे घडत असताना इंग्लंडमध्ये डागाची कोणालाही कल्पना नसते. तेथील हौशी निरीक्षकांना मोठे ग्रह आपल्या गणिती जागांवर नाहीत असे आढळते. आपल्याकडे १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे काम चालू आहे, त्यामुळे हौशी मंडळींच्या निरीक्षणाला किती मोल असते हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. किंग्जली त्या विचलनावरून एका अज्ञात वस्तूचे गुरुत्वाकर्षण काढतो आणि अमेरिकेला तार करतो. वस्तुमान सूर्याच्या दोन-तृतीयांश, वेग सेकंदाला ७० किलोमीटर, सूर्यापासूनचे अंतर २१.३ खगोलीय एकके, आणि आकाशातील नेमकी जागा. ज्यांनी डाग पाहिला आहे त्यांच्या हाती ही तार पडते, आणि दोन्ही गटांना कळते की वेगवेगळ्या वाटांनी आपण एकाच वस्तूपाशी पोहोचलो आहोत.

हे आकडे लेखकाने सहज लिहून टाकलेले नाहीत. एक खगोलीय एकक म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर. त्या हिशेबाने ढगाचे अंतर सुमारे ३१९ कोटी किलोमीटर होते. त्याला ७० ने भागले की साधारण साडेचार कोटी सेकंद, म्हणजे ५२७ दिवसांच्या आसपास उत्तर येते. सतरा महिने झाले! छायाचित्रांवरून काढलेले दीड वर्ष आणि ग्रहांच्या विचलनावरून निघणारे सतरा महिने एकमेकांशी जुळतात. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब ताडून पाहावा आणि तो बरोबर निघावा, याची काळजी घेणारा कादंबरीकार किती आदरास पात्र आहे! युरेनसच्या मार्गातील फरकावरून १८४६ साली नेपच्यूनची जागा गणिताने सांगितली गेली, त्याच परंपरेतला हा हिशेब आहे.

हॉएल स्वतः याच पद्धतीने विचार करत असत. १९५३ साली त्यांनी असा युक्तिवाद केला की ताऱ्यांच्या पोटात हेलियमपासून पुरेसा कार्बन तयार व्हायचा असेल, तर कार्बनच्या अणुकेंद्रकाला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्रयोगकर्त्यांना हे सुरुवातीला पटले नव्हते, पण त्यांनी शोध घेतला आणि ती पातळी सापडली. जगात कार्बन आहे, एवढ्या एका वस्तुस्थितीवरून अणुकेंद्रकाच्या आतील गोष्टीचे भाकीत करणारा माणूस किंग्जलीची ती तार लिहितो, तेव्हा त्या पानावर त्याचा सगळा स्वभाव उतरलेला असतो.

बैठकीसाठी सुचवतो : एकाच वर्तुळाची थोड्या वेगळ्या आकारांची दोन चित्रे छापून घ्या आणि सदस्यांच्या हाती फूटपट्टी द्या. पाच मिनिटांत सर्वांना उत्तर मिळेल.

लघुलहरी

गणित_शिक्षक यांच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. रेडिओ संदेशवहनाच्या क्षेत्रात नोकरी केलेली असल्याने मला दुसऱ्या एका भागाविषयी लिहावेसे वाटते, कारण तेथेही तीच पद्धत आहे.

ढग सजीव आहे हे शास्त्रज्ञांना एखाद्या साक्षात्काराने कळत नाही. नॉर्टनस्टोहून रेडिओ संदेश पाठवायला सुरुवात केली की वरच्या वातावरणातील आयनीभवन (हवेच्या कणांना विद्युतभार येणे) वाढते आणि संदेश अडतो. प्रक्षेपण थांबवले की आयनीभवन कमी होते. एकदा झाले तर योगायोग म्हणता येईल. पुन्हा पुन्हा होऊ लागल्यावर मात्र कारण शोधावे लागते. ढग निर्जीव असून आपल्या प्रक्षेपणाला कोणत्या तरी नैसर्गिक रीतीने प्रतिसाद देत असेल, असे म्हणावे तर आपल्या प्रक्षेपकाची शक्ती त्या मानाने नगण्य आहे. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांद्रोव्ह, जो मोजक्या तुटक वाक्यांत बोलतो, तो सर्वांत आधी स्पष्ट निष्कर्ष काढतो. इतरांना तो पटायला वेळ लागतो आणि त्यांचे आक्षेप लेखकाने प्रामाणिकपणे नोंदवले आहेत.

हे सारे इतके जिवंत उतरण्याचे कारण हॉएल यांच्या आयुष्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांच्यासह ब्रिटिश नौदलासाठी रडारचे काम केले. रडारच्या लहरी वातावरणातून जाताना काय होते, हा त्यांचा रोजचा विषय होता. शास्त्रज्ञांनी एका आडबाजूच्या जागी एकत्र राहून सरकारसाठी काम करणे, रात्रीच्या जेवणानंतर विश्वाच्या गोष्टी करणे, हे त्यांनी अनुभवलेले होते. याच तिघांनी पुढे १९४८ साली विश्वाचा स्थिरस्थिती सिद्धांत मांडला, म्हणजे विश्वाला आरंभ नाही आणि ते सदैव सारखेच दिसते असे म्हटले.

संवादाच्या भागातील एक प्रसंग बैठकीत जरूर वाचून दाखवा. ढगाला माणसांची भाषा शिकवली गेली आहे आणि त्याला बोलण्यासाठी वाड्यावरच्या माळ्याचा, ज्योचा, आवाज दिलेला आहे. मग त्याला बेथोव्हनचा ओपस १०६ हा पियानो सोनाटा ऐकवला जातो. संगीत संपल्यावर ढग स्तुती करत नाही की भारावूनही जात नाही. पहिला भाग तीस टक्के अधिक वेगाने पुन्हा वाजवावा, एवढीच विनंती करतो. बेथोव्हनने या रचनेसाठी स्वतः लिहून ठेवलेली लय इतकी जलद आहे की अनेक वादक ती गाठत नाहीत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या विनंतीचा अर्थ लगेच लागेल. परक्या बुद्धीचे दर्शन घडवण्यासाठी हॉएल यांनी एवढी छोटी गोष्ट निवडली, आणि ती शंभर पानांच्या वर्णनापेक्षा अधिक सांगून जाते.

ढगाला आपले नवल का वाटते, तेही पाहा. त्याच्या मते ग्रहावर बुद्धी निर्माण होणे फार कठीण असते. गुरुत्वाकर्षणामुळे प्राण्यांचा आकार मर्यादित राहतो, त्यामुळे मेंदूही लहान राहतो, आणि बरीचशी शक्ती हालचालीसाठी स्नायू पोसण्यात जाते. अवकाशात तरंगणाऱ्या ढगाला ही बंधने नाहीत. माणसाला विश्वाचे केंद्र मानण्याची सवय मोडण्याची हॉएल यांची ही रीत मला फार मोलाची वाटते. येथून नारायणगावकडे गेले की खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यापुढे उभे राहताना मला ढगाचे ते बोलणे हटकून आठवते.

डेक्कन_वाचक

वरील दोन्ही प्रतिसाद मननीय आहेत, परंतु मूळ प्रश्नातील दुसऱ्या मुद्द्याकडे दुर्लक्ष होऊ नये असे मला वाटते. किंग्जलीचा उद्धटपणा हा केवळ स्वभावदोष नाही. तो लोकप्रतिनिधींना तुच्छ लेखतो, सरकारपासून माहिती दडवतो, आणि निर्णय कोणी घ्यायचा हे बुद्धीच्या जोरावर ठरावे अशी त्याची धारणा आहे. कादंबरीत अमेरिका आणि रशिया ढगावर अण्वस्त्रे सोडतात, ढग ती उलट फिरवतो आणि असंख्य निरपराध माणसे मरतात. उष्म्याने आणि थंडीने जगभर मेलेल्या कोट्यवधींचा उल्लेख मात्र अवघ्या काही परिच्छेदांत आटोपतो. आपल्यासारख्या उष्ण देशांत काय झाले असेल, याचा विचार करताना माझे मन त्या परिच्छेदांवर अडकून राहिले. स्त्री पात्रेही दुय्यम जागीच राहतात. हे दोष चर्चेत स्पष्टपणे मांडले पाहिजेत.

असे असूनही मी ही कादंबरी श्रेष्ठ मानतो, आणि त्याचे कारण तिचा शेवट आहे. ज्यांना शेवट आधी कळू नये असे वाटते त्यांनी पुढचा परिच्छेद वाचू नये.

ढग सूर्यमाला सोडून निघतो, पण जाण्यापूर्वी आपले ज्ञान एखाद्या माणसाच्या मेंदूत थेट उतरवून पाहण्याची तयारी दाखवतो. पहिला तरुण शास्त्रज्ञ त्यात दगावतो. मग किंग्जली स्वतः बसतो आणि तोही वाचत नाही. कारण असे दिले आहे की नवे विचार त्याच्या मेंदूत आधीपासून पक्क्या झालेल्या विचारांशी जुळले नाहीत, आणि त्या संघर्षात मेंदू कोसळला. कथा सांगणारा डॉक्टर पुढे म्हणतो की किंग्जलीऐवजी ज्यो माळी बसला असता तर कदाचित वाचला असता, कारण त्याच्या डोक्यात नव्या ज्ञानाला विरोध करणारे जुने काही फारसे नव्हते. ज्याच्या बुद्धीचा कादंबरीभर गौरव झाला, त्याची बुद्धीच अखेर त्याच्या आड येते. किंग्जलीविषयी ज्यांना राग येतो त्यांनी हा शेवट लक्षात घ्यावा. हॉएल यांनी आपल्या नायकाला मोकळे सोडलेले नाही.

आणि येथे लेखकाच्या आयुष्याचाही विचार मनात येतो. विश्वाला आरंभ होता ही कल्पना हॉएल यांना मान्य नव्हती. २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीवरील भाषणात त्या विरोधी सिद्धांताला त्यांनी ‘बिग बँग’ म्हटले आणि तेच नाव जगभर रूढ झाले. कादंबरीतही ढग म्हणतो की आपल्या जातीचा ‘पहिला’ असा कोणी असेल हे आपल्याला मान्य नाही, आणि हे ऐकून दोन शास्त्रज्ञ एकमेकांकडे सूचकपणे पाहतात. पुढे १९६५ साली वैश्विक सूक्ष्मलहरींचे प्रारण, म्हणजे आरंभीच्या तप्त विश्वाची खूण मानले जाणारे प्रारण, सापडल्याचे जाहीर झाले आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्थिरस्थिती सिद्धांत सोडला. हॉएल यांनी त्यात फेरबदल केले, पण मूळ भूमिका अखेरपर्यंत सोडली नाही. १९९३ साली जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांच्यासह त्यांनी त्याची सुधारलेली मांडणी प्रसिद्ध केली. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. प्रवाहाविरुद्ध उभे राहण्यासाठी मोठे धैर्य लागते, आणि विरोधी मतामुळे प्रस्थापित सिद्धांताची परीक्षाही कसोशीने होते. परंतु जुने विचार सोडता न आल्यामुळे मरणारा किंग्जली लिहिणाऱ्या माणसाने हा प्रश्न किती खोलवर ओळखला होता, याची जाणीव ती पाने वाचताना होते.

ताराधूळ

तिसऱ्या शंकेविषयी थोडक्यात लिहितो. विचार करणारा ढग आजवर कोणाला सापडलेला नाही, आणि आपल्या माहितीतील आंतरतारकीय ढग कादंबरीतल्या ढगापेक्षा फारच विरळ असतात. त्यांच्यातील घनदाट भागसुद्धा आपल्या हवेपेक्षा कितीतरी विरळ असतात. तेव्हा जसाच्या तसा हा ढग संभवत नाही, असे माझे मत आहे.

परंतु रसायनशास्त्राच्या बाबतीत हॉएल काळाच्या पुढे होते. १९५७ साली ताऱ्यांमधील अवकाशात दोन अणूंचे मोजके साधे रेणू तेवढे ओळखले गेले होते. तेथे गुंतागुंतीचे रेणू टिकतील, यावर विश्वास ठेवणारे फार थोडे होते. १९६८ साली अमोनिया सापडला, १९६९ साली पाणी आणि फॉर्माल्डिहाइड सापडले, आणि आज अशा रेणूंची संख्या तीनशेच्या वर गेली आहे. हॉएल यांनी १९६० च्या दशकात चंद्र विक्रमसिंघे यांच्यासह आंतरतारकीय धुळीत कार्बन असतो असे मांडले. त्यापुढे जाऊन जीवनच अवकाशातून पृथ्वीवर आले, असेही ते दोघे म्हणू लागले; ते फार थोड्यांना पटले. ज्या वर्षी ही कादंबरी आली, त्याच वर्षी मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉएल यांचा तो विख्यात शोधनिबंधही प्रसिद्ध झाला, ज्यात ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी घडतात हे सविस्तर सांगितले आहे. फाउलर यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि हॉएल यांना मिळाले नाही, याची खंत आजही अनेक अभ्यासकांना आहे, मलाही आहे.

एक छोटी गोष्ट जाता जाता सांगतो. किंग्जलीच्या तारेत दिलेली जागा मृग नक्षत्राच्या खाली, शशक या तारकासमूहाच्याही दक्षिणेला येते. इंग्लंडमधून तो भाग क्षितिजालगत कसाबसा दिसतो. पुण्याहून मात्र तो क्षितिजापासून चाळीस अंशांच्या वर येतो. हिवाळ्यात बैठक असेल तर सदस्यांना गच्चीवर नेऊन ती जागा दाखवता येईल.

सहवाचन_कोथरूड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गणिताची पाने गाळायची नाहीत हे आता नक्की झाले, आणि फूटपट्टीची सूचना गटाला कळवलीही आहे. डेक्कन_वाचक यांनी शेवटाकडे लक्ष वेधल्यामुळे किंग्जलीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. आता एकच विचारायचे आहे. हॉएल यांचा प्रभाव नारळीकरांच्या मराठी लेखनावर कोठे दिसतो, हे गटाला दाखवायचे असेल तर कोणती कथा घ्यावी?

मृगशीर्ष

‘धूमकेतू’ घ्यावी, असे मी सुचवीन, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने लिहिते.

आधी पार्श्वभूमी. नारळीकर १९५७ साली, म्हणजे ही कादंबरी निघाली त्याच वर्षी, केंब्रिजला शिकायला गेले. हॉएल यांच्या हाताखाली त्यांनी १९६३ साली पीएच. डी. मिळवली आणि १९६४ साली दोघांनी मिळून मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगभर गाजला. १९७२ साली ते भारतात परतले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी करताना आणि ती चालवतानाही त्यांनी कथालेखन सोडले नाही. मोठ्या शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिण्यात कमीपणा नाही, उलट ते त्याचे कामच आहे, हा धडा त्यांना गुरूच्या उदाहरणातून मिळाला होता, असे मला ठामपणे वाटते.

कथानकांचे नातेही दिसते. हॉएल यांनी जॉन एलियट यांच्यासह बीबीसीसाठी १९६१ साली ‘ए फॉर अँड्रोमिडा’ ही मालिका लिहिली. तिच्यात दूरच्या तारकाविश्वातून आलेल्या संदेशात एक संगणक बांधण्याची कृती सापडते. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली पुरलेल्या एका पेटीतून प्राचीन प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती येते आणि त्यातून विचार करणारे यंत्र बनते. संदेश आकाशातून न येता भूगर्भातून येतो, हा बदल मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण आपल्या समाजात गतकाळातील ज्ञानाविषयी जी ओढ आहे तिला तो थेट स्पर्श करतो.

मात्र नारळीकरांना हॉएल यांची मराठी आवृत्ती समजणे अन्यायाचे होईल. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतला पुण्याचा इतिहासप्रेमी प्राध्यापक किंवा ‘उजव्या सोंडेचा गणपती’ मधला गणपती हॉएल यांना सुचण्यासारखे नव्हते. पानिपतावर विश्वासराव वाचले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मराठी माणसाच्याच मनात पिढ्यान्‌पिढ्या घोळत राहिलेला आहे.

आता ‘धूमकेतू’ विषयी. रचना हॉएल यांच्या कादंबरीच्या अगदी जवळची आहे. एका हौशी खगोलप्रेमीला, दत्तांना, नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने निघते. निवडक शास्त्रज्ञ केंब्रिजमध्ये गुप्तपणे जमतात. आणि अण्वस्त्राच्या स्फोटाने त्याचा मार्ग बदलण्याची योजना आखतात. नॉर्टनस्टोचा वाडा ज्यांनी वाचला आहे त्यांना ही खोली ओळखीची वाटेल. पण हॉएल दार लावून घेतात आणि आपल्याला शास्त्रज्ञांबरोबर आत ठेवतात, तर नारळीकर दत्तांना पुन्हा घरी पाठवतात. घरात त्यांची पत्नी आहे, नातू आहे, धूमकेतू अशुभ असतो ही समजूत आहे, आणि धूमकेतूचे अरिष्ट टळावे म्हणून घरी यज्ञ होतो. दत्तांना खरे कारण ठाऊक आहे, पण गुप्ततेमुळे ते सांगता येत नाही. किंग्जलीपुढे असा प्रसंग आला असता तर तो चिडून निघून गेला असता. दत्तांना मात्र वाईट वाटते, कारण ही त्यांचीच माणसे आहेत.

डेक्कन_वाचक यांनी कोट्यवधींच्या मृत्यूवर जे लिहिले आहे, त्याच्याशी हे जोडून पाहावे. वाड्याबाहेरच्या माणसांविषयी हॉएल यांना फार काही सांगायचे नव्हते. नारळीकरांना त्यांच्याचविषयी सांगायचे होते, आणि म्हणून त्यांनी गणित थोडक्यात आटोपले व घर सविस्तर रंगवले. बैठकीत फळ्याजवळचा तो प्रसंग आणि ‘धूमकेतू’ मधील यज्ञाचा प्रसंग लागोपाठ वाचावेत. वाचनाला मिळून साधारण अर्धा तास लागेल, आणि चर्चेसाठी पुरेसा वेळ उरेल.